रीप्रेस म्हणजे पुनर्मुद्रण, रीइश्यू म्हणजे आवृत्ती

प्रश्न असा आहे: ब्रिटिश आणि अमेरिकन राजकीय पंक-हार्डकोरच्या (पंक हे बंडखोर रॉक संगीत, हार्डकोर हा त्याचा अधिक वेगवान प्रकार) व्हायनल तबकड्यांवर मराठीत लिहिताना फर्स्ट प्रेस (पहिली छपाई), रीप्रेस, रीइश्यू आणि बूटलेग या सगळ्यांसाठी 'आवृत्ती' हा एकच शब्द वापरला तर चालेल का? शिवाय 'अंडरग्राउंड'ला 'भूमिगत' म्हणावं का?

एकच शब्द चालणार नाही, आणि नवे शब्द घडवायचीही गरज नाही. मराठी ग्रंथव्यवहारात हा भेद आधीपासून आहे. मजकूर, मांडणी किंवा प्रकाशक बदलला की ती नवी आवृत्ती. तेच पान तसंच पुन्हा छापलं की पुनर्मुद्रण. आपल्याकडे कित्येक प्रकाशक प्रत्येक छपाईला 'आवृत्ती' म्हणून आकडा फुगवतात, ते सोडून द्या. रेकॉर्डच्या बाबतीत हा ढिलेपणा महागात पडतो, कारण संग्राहक पैसे मोजतो ते नेमक्या याच भेदासाठी.

भेद कळायला रेकॉर्ड तयार कशी होते ते पाहावं लागेल. त्यासाठी लागणारी क्रियापदंही मराठीत आहेत. गायक-वादक रेकॉर्ड 'भरतात', हा जुना आणि उत्तम वाक्प्रचार. मग ते ध्वनिमुद्रण लॅकरवर 'कोरतात'. लॅकर म्हणजे नायट्रोसेल्युलोजचा थर दिलेली अ‍ॅल्युमिनियमची चकती. तिच्यावर चांदीचा पातळ फवारा मारून निकेल चढवतात आणि तो निकेलचा थर सोलून घेतात. हा उलटा साचा म्हणजे 'फादर'. फादरवर पुन्हा निकेल चढवून सुलटी 'मदर' आणि मदरवरून पुन्हा उलटा 'स्टँपर'. आपल्या कारखान्यांतल्या भाषेत स्टँपर म्हणजे 'डाय'. दोन बाजूंचे दोन स्टँपर यंत्रात बसवून मध्ये व्हायनलचा गरम गोळा ठेवायचा आणि दाबायचा, म्हणजे रेकॉर्ड 'छापायची'. शेवटी ती बाजारात 'काढतात'. भरणं, कोरणं, छापणं, काढणं: या चार क्रिया वेगळ्या ठेवल्या तर लेखातला निम्मा गोंधळ आपोआप मिटतो.

'छापणे' म्हटलं की शाई डोळ्यांसमोर येते, म्हणून काहींना ते खटकतं. पण छाप म्हणजे मुळात दाबून उमटवलेला ठसा. नाण्याची बाजूही आपण छापा-काटा करूनच ठरवतो. रेकॉर्डवरचं कागदी लेबलसुद्धा गोंदाने चिकटवलेलं नसतं. ते गोळ्याबरोबरच यंत्रात ठेवलेलं असतं आणि उष्णतेने व व्हायनलच्या दाबाने तिथेच बसतं. त्यासाठी लेबलं आधी भट्टीत कोरडी करतात. ओलावा राहिला तर वाफ होऊन लेबलाला फोड येतात किंवा ते फाटतं. म्हणून लेबलाबद्दल लिहिताना 'डकवलेलं' लिहू नये.

आता मुख्य मुद्दा. एका स्टँपरमधून साधारण हजारभर प्रती चांगल्या निघतात. मग तो झिजतो आणि तबकडीचा आवाज खरखरायला लागतो. मागणी असली तर त्याच मदरवरून नवा स्टँपर काढून पुन्हा छापतात. हे रीप्रेस, म्हणजेच पुनर्मुद्रण. आवाजाची खाच तीच, लेबलाभोवती कोरलेली अक्षरं तीच. फार तर पाकिटाचा रंग किंवा लेबलावरचा पत्ता बदललेला. संगीतच बदललं, गाणी वाढली किंवा गळली, दुसऱ्या कंपनीने काढली, तर ते रीइश्यू, म्हणजे नवी आवृत्ती. या दोहोंच्या मधली एक पायरी बहुतेकांच्या नजरेतून सुटते. संगीत तेच, पण जुने धातूचे साचे हरवले किंवा खराब झाले म्हणून नवं लॅकर कोरलं. हे म्हणजे पुस्तक नव्याने जुळणी करून छापणं. त्याला सरळ 'पुन्हा कोरलेली छपाई' म्हणा. ऐकताना ती वेगळी लागू शकते, कारण कोरणाऱ्या तंत्रज्ञाने बास किंवा आवाजाची पातळी वेगळी ठेवलेली असते.

इंग्लंडमधल्या क्रॅस या अराजकवादी बँडची पहिली रेकॉर्ड 'द फीडिंग ऑफ द फाइव्ह थाउजंड' हे याचं सगळ्यात स्पष्ट उदाहरण. ती १९७८ साली भरली गेली आणि स्मॉल वंडर या छोट्या कंपनीने १२ इंची, मिनिटाला ४५ फेऱ्यांच्या तबकडीवर काढली. पहिला तुकडा ख्रिस्ती धर्मावर कडक टीका करणारा होता. आयर्लंडमधल्या छपाई कारखान्याने तो छापायला नकार दिला. बँडने ती जागा भरून काढली नाही, तिथे शांतता ठेवली आणि तिला 'अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा आवाज' अशा अर्थाचं नाव दिलं. पुढे बँडने स्वतःची कंपनी काढून तीच रेकॉर्ड 'द सेकंड सिटिंग' या जोडनावाने पुन्हा आणली, तेव्हा वगळलेला तुकडा परत घातला. ही निखळ दुसरी आवृत्ती आहे. तिला 'पुनर्मुद्रण' म्हटलं तर रेकॉर्डवर काय ऐकू येतं याचीच चुकीची माहिती वाचकाला मिळते. ज्याच्याकडे शांतता असलेली प्रत आहे, त्याच्याकडे सेन्सॉरशिपचा पुरावा आहे.

अमेरिकेत वॉशिंग्टनच्या डिस्कॉर्ड या कंपनीची पहिली रेकॉर्ड टीन आयडल्सची: सात इंची, आठ गाणी, १००० प्रती. पाकिटं मंडळींनी हातांनी कापून, दुमडून, चिकटवून केली. (इथे 'सिंगल' हा शब्द वापरू नका. सात इंची सगळंच सिंगल नसतं. हार्डकोरची गाणी मिनिटभराची असल्याने एका बाजूला चार-चार मावतात.) याच कंपनीने १९८१ मध्ये मायनर थ्रेटच्या दोन सात इंची रेकॉर्ड्स काढल्या. त्या वेगवेगळ्या रंगांच्या पाकिटांत पुन्हा पुन्हा छापल्या गेल्या, ती पुनर्मुद्रणं. १९८४ मध्ये दोन्ही एका बारा इंची तबकडीवर एकत्र आल्या, ती संकलित आवृत्ती. 

आपल्या हातात नेमकी कोणती छपाई आहे ते लेबलावरून ठरवू नये. लेबलाभोवतीचा गुळगुळीत पट्टा प्रकाशात तिरका धरून पाहा. संग्राहक त्याला डेड वॅक्स म्हणतात. मराठीत 'कोरा पट्टा' पुरे. तिथला मॅट्रिक्स क्रमांक, म्हणजे साच्याची ओळख पटवणारा क्रमांक, प्रत्येक बाजूचा वेगळा असतो. लेबलावरचा यादी क्रमांक संपूर्ण रेकॉर्डचा एकच. ७८ फेऱ्यांच्या तबकड्या जमवणारे मराठी संग्राहकही 'मॅट्रिक्स' असंच म्हणतात, तेव्हा तो शब्द तसाच राहू द्या. अक्षरं खोलगट असतील तर ती लॅकरवर किंवा मदरवर कोरलेली. उठावदार असतील तर उलट्या साच्यावर. कोरणाऱ्याची सहीही तिथेच सापडते. जॉर्ज पेकहॅम या ब्रिटिश तंत्रज्ञाची 'अ पोर्की प्राइम कट' ही खूण त्या काळातल्या पुष्कळ ब्रिटिश रेकॉर्ड्सवर आहे. छपाईआधीच्या मोजक्या टेस्ट प्रेसिंगना 'प्रूफ प्रत' म्हणावं. काम तेच असतं, चूक पकडण्याचं.

'बूटलेग' या एका शब्दात दोन गोष्टी अडकल्या आहेत. मैफलीत चोरून भरलेलं, अधिकृतपणे कधीच न निघालेलं संगीत हे 'चोरटं ध्वनिमुद्रण'. निघालेल्या रेकॉर्डची हुबेहूब नक्कल ही 'बनावट छपाई'. बनावट करणाऱ्याकडे मूळ मदर नसते. तो जुन्या तबकडीवरूनच आवाज घेऊन नवं लॅकर कोरतो, म्हणून मूळ प्रतीवरचे चरे नक्कलेतही वाजतात आणि कोऱ्या पट्ट्यावरचं हस्ताक्षर बदलतं. पाकीट मात्र पंकच्या बाबतीत फसवं असतं. एरवी छायाचित्र फुटलेलं आणि बारीक अक्षरं भरलेली दिसली की नक्कल ओळखता येते, पण इथे मूळ पाकीटच अनेकदा फोटोकॉपीवरून केलेलं असतं. म्हणून निकाल हस्ताक्षरावर द्यावा, पाकिटावर नाही.

लॅकरचं भाषांतर 'लाख' असं करू नका. लॅकर हा शब्द दूरवरून आपल्या लाखेशीच नातं सांगतो, पण लाखेच्या होत्या त्या ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्या. लॅकरच्या चकतीत लाख नसते.

राहिलं 'अंडरग्राउंड'. मराठी वाचकाला 'भूमिगत' म्हटलं की बेचाळीसचे कार्यकर्ते आठवतात, पोलिसांपासून लपलेले. क्रॅस किंवा डिस्कॉर्ड लपलेले नव्हते. पाकिटावर पत्रव्यवहाराचा पत्ता आणि ग्राहकाने किती द्यावेत ती किंमत छापलेली असे. क्रॅसच्या पाकिटांवरच्या त्या ओळीचं भाषांतर 'कमाल किरकोळ किंमत' असंही करू नये. ते दुकानदाराला बांधणारं सरकारी कलम नाही. ग्राहकाशी थेट बोलणं आहे: 'यापेक्षा जास्त देऊ नका.' अशा कंपन्यांसाठी 'प्रस्थापित बाजाराबाहेरच्या' हे वर्णन नेमकं बसतं, आणि त्यांच्याभोवती निघणाऱ्या फॅनझिन्सना, म्हणजे चाहत्यांनी स्वतः काढलेल्या छोट्या पत्रिकांना, आपला साठच्या दशकातला 'अनियतकालिक' हा शब्द.

'भूमिगत' राखून ठेवा तो पूर्व जर्मनीसाठी. तिथे रेकॉर्ड काढण्याचा मक्ता सरकारी कंपनीकडे होता. १९८३ मध्ये तिथल्या दोन बँडचं ध्वनिमुद्रण चोरून पश्चिम बर्लिनला नेलं गेलं आणि तिथे 'डीडीआर फॉन उंटेन' (खालून दिसणारा पूर्व जर्मनी) या नावाने एकाच तबकडीवर, एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला दुसरा बँड, असं निघालं. ती रेकॉर्ड खऱ्या अर्थाने भूमिगत होती.