काही कच्ची गाजरं गोड आणि काही कडू का लागतात?

तुम्ही विचारलंय की एकाच वेळी आणलेली गाजरंसुद्धा कधी गोड, कधी कडू का लागतात आणि गोड गाजर ओळखायचं कसं. ओळखायचं कसं ते शेवटी सांगते. आधी कडूपणाबद्दल लिहू दे, कारण त्यावरून आमच्या घरी वर्षभर वाद चालला होता.

माझी लेक सहा वर्षांची असताना कच्चं गाजर तोंडात घालून लगेच बाहेर काढायची. "कडू आहे" म्हणायची. शेजारी गेली की मात्र तिथे दोन-दोन गाजरं खाऊन यायची. माझ्या मोठ्या नणंदेने त्यावर निकालच दिला, "घरचं नको, बाहेरचं हवं. तू फार लाडावून ठेवलीयस तिला." नवऱ्याचंही तेच मत. त्याचं म्हणणं, त्याच गाजरांची भाजी सगळे खातात, कुणाची तक्रार नसते, मग हिलाच कशी कडू लागतात? एकदा जेवताना त्याने गाजर संपेपर्यंत तिला पानावरून उठू दिलं नाही. ती रडत बसली होती आणि मी गप्प राहिले. ते अजून मनात टोचतं.

गाजर मीही चाखून बघायचे, पण सोलून. ती सालासकट खायची. एक दिवस तिच्या हातातलंच घेऊन चावलं. आधी गोड लागलं, मग जिभेच्या मुळाशी कडवटपणा चढत गेला आणि पाणी प्यायल्यावरही जाईना.

मग मी शोधायला लागले. सफरचंद, नासपती, केळी पिकताना इथिलीन वायू सोडतात. गाजर स्वतः तो अगदी थोडा सोडतं, पण बाहेरून मिळाला की इजा झाल्यासारखं वागतं आणि बुरशीला अडवणारं ६-मेथॉक्सिमेलिन नावाचं द्रव्य तयार करू लागतं. ते कडू असतं आणि सालीत जास्त साठतं. हवेच्या दहा लाख भागांत इथिलीनचा अर्धा भाग असला, तरी दोन आठवड्यांत कडूपणा जिभेला कळतो. आमच्या फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात गाजरांवर सफरचंदं रचलेली असायची. शेजारणीची फळं बाहेर टेबलावर.

मी एकाच वेळी आणलेली १२ गाजरं घेतली. सहा सफरचंदांबरोबर पिशवीत बांधली, सहा झाकणाच्या डब्यात वेगळी ठेवली. १५ दिवसांनी सालासकट सारख्या फोडी केल्या आणि लेकीचे डोळे बांधून एकेक दिली. आठपैकी आठ वेळा तिने बरोबर सांगितलं. नवऱ्याने पिशवीतली फोड खाल्ली आणि सरळ थुंकला. लेकीला तो काही बोलला नाही, पण त्या दिवसापासून पानावरची सक्ती बंद झाली. नणंदबाईंना म्हटलं, "ताई, तुम्हीही खाऊन बघा." त्यांनी फोड हातात घेतली नाही. आजही त्या लाडांचंच कारण सांगतात.

आणि ती भाजीची सबब? मीठ कडूपणा दाबतं. कच्च्या गाजराला जो रॉकेलसारखा उग्र वास येतो, तो टर्पीन नावाच्या द्रव्यांचा. ती उडून जाणारी असतात, शिजवताना बरीचशी वाफेबरोबर जातात. शिजलेल्या गाजरावरून कच्च्याची परीक्षा करणाऱ्याचं मत मी तरी धरत नाही.

आता शेतातला भाग. कच्च्या गाजराची चव मुख्यतः साखर आणि टर्पीन यांच्या तोलावर ठरते. साखर कमी नि टर्पीन जास्त असेल तर गाजर तिखटसर, साबणासारखं लागतं. थंडीत वाढलेल्या गाजरात साखर चांगली साठते, कडक उन्हाळ्यात वाढलेलं उग्र होतं. जातीनेही मोठा फरक पडतो. गाजर द्विवर्षायू आहे, पहिल्या वर्षीची साखर ते दुसऱ्या वर्षीच्या फुलोऱ्यासाठी राखून ठेवतं. म्हणून फुलाचा दांडा येऊ लागलेलं गाजर कधीच घेऊ नका, आतून लाकूड झालेलं असतं.

निवडताना रंगावर जाऊ नका, रंग देणाऱ्या कॅरोटीनला चव नसते. मधला दांडा बारीक असलेलं घ्या, बाहेरचा गर दांड्यापेक्षा गोड असतो. मातीबाहेर राहून हिरवं पडलेलं डोकं कडू असतं, तेवढं कापून टाका. पाला असेल तर घरी आल्या आल्या तोडा, नाहीतर तो गाजरातलं पाणी ओढत राहतो.

एक सांगायचं राहिलं. दोन-चार दिवस फळांशेजारी राहिल्याने काही बिघडत नाही. सगळा कडूपणा इथिलीनचाच असतो असंही नाही. शेतातूनच उग्र आलेलं गाजर कुठल्याही डब्यात गोड होणार नाही. मुलं कधी उगाचही नाकारतात, हेही मान्य. पण तुमच्याकडे कुणी लहान मूल "कडू आहे" म्हणून गाजर परत करत असेल, तर त्याला रागवण्याआधी त्याच्या हातातलं तेच गाजर चावून बघा. सालासकट.