द्राक्षाच्या ग्रुपवर व्यवसाय सापडेल का?

प्रश्न : मी नाशिकला बीकॉमच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मामांची दिंडोरी तालुक्यात द्राक्षबाग आहे. मामांना मोबाईल फारसा जमत नाही, म्हणून बागायतदारांच्या व्हॉट्सॲप आणि टेलिग्राम ग्रुपवर त्यांच्या वतीने मीच असते. तिथे रोज इतके प्रश्न येतात, की यातून एखादा व्यवसाय निघेल असं वाटतं. मैत्रीण म्हणते, ॲप काढू. आई-बाबा म्हणतात, बँकेच्या परीक्षा दे. काय करू?

उत्तर : ॲप आत्ता नको. तुझ्या हाताशी त्याहून मोलाची गोष्ट आहे : बागायतदार एकमेकांशी मोकळेपणाने बोलतात ती जागा, आणि तिथली भाषा कळणारी तू. मागच्या ऑक्टोबरच्या गोडी छाटणीपासून, म्हणजे फळासाठीच्या छाटणीपासून, काढणी संपेपर्यंतचे ग्रुपवरचे मेसेज पुन्हा वाच आणि एका वहीत प्रश्न उतरवून काढ.

त्यातले बरेच प्रश्न सोडून द्यावे लागतील. ‘डावणीला काय मारू?’ या रोगाच्या प्रश्नाला दहा जण फुकट उत्तर देतात, आणि औषध सांगणं हे कृषी पदवीधराचं काम आहे, तुझं नाही. भाव पडल्याची तक्रार खरी असते, पण ती तू एकटी सोडवू शकणार नाहीस. शोधायचं ते असं काम, जे दरवर्षी करावंच लागतं, करायला कुणाला वेळ नसतो आणि राहून गेलं तर पैशांचा फटका बसतो.

मला तुझ्या पत्रावरून एक सुचतं : फवारणीच्या नोंदी. ‘हे मारून किती दिवस झाले की माल काढता येतो?’ असं विचारणारे तुझ्या ग्रुपवर नक्की असतील. निर्यातीच्या बागेला प्लॉटची नोंदणी लागते, कोणतं औषध कधी आणि किती मारलं याची नोंद लागते, आणि मालात औषधाचा अंश किती उरला हे प्रयोगशाळेत तपासलं जातं. २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराइड या वेलीची वाढ रोखणाऱ्या रसायनाचे अंश सापडल्यामुळे आपली द्राक्षं युरोपात अडकली होती. तो फटका जुने बागायतदार विसरलेले नाहीत. तरीही अनेकांच्या नोंदी कॅलेंडरच्या मागे किंवा नुसत्या डोक्यात असतात. नीट हिशेब ठेवणं तर तू कॉलेजात शिकतेच आहेस.

पण हा माझा अंदाज आहे, त्यावर लगेच विसंबू नकोस. निर्यातदाराचा माणूस हे काम आधीच करतो का, हे मामांना विचार. करत असेल, तर तुझं गिऱ्हाईक देशी बाजारात माल देणारा बागायतदार असेल, आणि त्याला या नोंदींसाठी पैसे मोजावेसे वाटतील का, हे वेगळं तपासावं लागेल. ग्रुपवर ‘अशी सेवा हवी का?’ विचारलंस तर अंगठ्यांचा पाऊस पडेल. त्यावर भुलू नकोस. मामा आणि शेजारचे दोन बागायतदार, एवढ्यांचं काम छाटणीपासून काढणीपर्यंत साध्या एक्सेलवर कर. शेजाऱ्यांकडून महिन्याला पाचशे रुपये माग, आणि ते महिन्याच्या महिन्याला घे. ‘माल गेल्यावर देतो’ हे मान्य करू नकोस. व्यापाऱ्याने थकवलं, की तुझेही थकतात. पाचशे द्यायला कुणी तयार नसेल, तर तेही उत्तरच आहे, आणि ते स्वस्तात मिळालं.

ग्रुपवर वागताना मात्र जप. लोकांनी विश्वासाने मांडलेली अडचण स्क्रीनशॉट काढून बाहेर फिरवायची नाही, सदस्यांचे नंबर उचलून जाहिरात पाठवायची नाही. काही सांगायचं असेल तर आधी ॲडमिनला विचार. एकदा ‘ही विकायला आली’ असं झालं, की लोक तुझ्यासमोर बोलणं बंद करतील.

आई-बाबांशी भांडू नकोस. बँकेचा अभ्यास चालू ठेवून हे जमण्यासारखं आहे, फक्त सत्र परीक्षा याच हंगामात येते, म्हणून यंदा तीन बागांच्या वर जाऊ नकोस. पुढे कामाने जोर धरला तर उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या व्यवसायाची सरकारी नोंदणी, कर. ती सरकारी पोर्टलवर मोफत होते, एजंटला पैसे देऊ नकोस.

मामांची गोडी छाटणी कोणत्या तारखेला धरली आहे ते विचारून घे. पहिली नोंद त्याच दिवशीची लिहायची.