मानसिक आजारावरचे उपचार अर्थव्यवस्थेवर अवलंबून असतात का?

तुम्ही विचारलंय: "मानसिक आजार हा मेंदूचा आजार असेल, तर देश भांडवलशाही असो की साम्यवादी, उपचार सारखेच व्हायला हवेत. मग अर्थव्यवस्थेचा संबंध येतो कुठे?"

आजार सगळीकडे होतो, हे खरं. पण आजारी माणसाच्या वाट्याला खाट येणार की गोळी, कुणी तासभर बसून त्याचं ऐकणार की दहा मिनिटांत चिठ्ठी हातात देणार, आणि तो 'बरा झाला' असं नेमकं कधी म्हणायचं, हे पैसा कशासाठी मोजला जातो यावर बऱ्याच अंशी ठरतं. माझ्या मोठ्या भावाला बायपोलर आजार आहे, म्हणजे कधी उन्मादाचे तर कधी नैराश्याचे झटके येतात, आणि त्याचं औषधपाणी अनेक वर्षं मीच बघतो. त्यामुळे उत्तर जरा लांबणार आहे.

आधी खाट. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानने खाजगी मालकांना स्वस्त कर्जं देऊन मनोरुग्णालयं उभी करवली. १९५८मध्ये नियमही सैल केला: इतर रुग्णालयांच्या मानाने इथे एक तृतीयांश डॉक्टर असले तरी चालतील. उत्पन्न भरलेल्या खाटेवर, म्हणजे रिकामी खाट हा तोटा. आज तिथे मानसिक रुग्णांसाठी तीन लाखांच्या आसपास खाटा आहेत, त्यातल्या बहुतेक खाजगी, आणि सरासरी मुक्काम महिन्यांत मोजावा लागतो. तिथले डॉक्टर निर्दय आहेत असं मी म्हणत नाही. माणूस घरी गेला की रुग्णालयाचं नुकसान होईल अशी रचना केली, तर माणूस घरी जायला उशीर होतो, एवढंच.

अमेरिकेत उलटं घडलं. १९५५मध्ये तिथल्या सरकारी मनोरुग्णालयांत साडेपाच लाखांहून जास्त माणसं होती. १९८० येईपर्यंत दीड लाखही उरली नाहीत. याचं श्रेय सहसा १९५४मध्ये आलेल्या क्लोरप्रोमाझिन या औषधाला दिलं जातं. औषधाचा वाटा आहेच. पण औषध आल्यावर पहिली दहा वर्षं आकडा सावकाशच उतरत होता, घसरला तो १९६५नंतर. त्या वर्षी मेडिकेड ही गरिबांच्या उपचारांसाठीची सरकारी योजना सुरू झाली. मनोरुग्णालयातल्या प्रौढ रुग्णाचा खर्च केंद्र सरकार सहसा उचलणार नाही, पण तोच माणूस नर्सिंग होममध्ये, म्हणजे वृद्धांच्या शुश्रूषागृहात, असेल तर उचलेल, असा तिचा नियम होता. राज्यांनी हिशोब केला आणि हजारो वृद्ध रुग्ण एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत हलवले. बाकीच्यांसाठी वस्त्यावस्त्यांत उपचार केंद्रं काढायचा कायदा केनेडींच्या काळात, १९६३मध्येच झाला होता. ठरलेल्यांपैकी कितीतरी केंद्रं कधी उभीच राहिली नाहीत आणि १९८१मध्ये केंद्राने या कामातून अंग काढून घेतलं. रुग्णालय बंद केल्याने वाचलेला पैसा रुग्णामागे त्याच्या घरापर्यंत गेलाच नाही. लॉस एंजेलिस आणि शिकागोच्या तुरुंगांची गणना आज देशातल्या सर्वांत मोठ्या मनोरुग्ण-संस्थांत होते, ती त्यामुळेच.

आता गोळी. माझा भाऊ लिथियमवर आहे. दर काही महिन्यांनी त्याचं रक्त तपासावं लागतं, कारण रक्तातलं प्रमाण साधारण ०.६ ते १.० या पट्ट्यात राहायला हवं. कमी पडलं तर उपयोग नाही, जास्त झालं तर हात थरथरतात, फारच वाढलं तर जिवावर बेततं. शिवाय मूत्रपिंड आणि थायरॉइडवर लक्ष ठेवावं लागतं. एवढं सांभाळलं की हे औषध माणसाला त्याचं आयुष्य परत देतं. मी ते डोळ्यांनी पाहिलंय.

उन्मादाच्या रुग्णांवर लिथियमचा असा उपयोग होतो हे जॉन केड या ऑस्ट्रेलियन डॉक्टरने १९४९मध्ये छापून आणलं. अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली १९७०मध्ये. मधल्या एकवीस वर्षांना एक रास्त कारण होतं: त्याच सुमारास मिठाऐवजी लिथियम क्लोराइड खाऊन तिथे काही माणसं दगावली होती, त्यामुळे भीती होती. पण दुसरं कारण पैशाचं. लिथियम खाणीत मिळतं, त्याचं पेटंट कोण घेणार? आणि पेटंट नाही तर चाचण्यांवर खर्च करण्यात, डॉक्टरांच्या दारात माणसं पाठवण्यात कंपनीला काय मिळणार? डेन्मार्कमधल्या मोगेन्स शू यांच्यासारख्या संशोधकांनी ते लावून धरलं म्हणून ते टिकलं. याउलट प्रोझॅक हे नैराश्यावरचं औषध १९८७च्या अखेरीस बाजारात यायला मोकळं झालं आणि काही वर्षांतच घराघरांत त्याचं नाव झालं. दोन्ही औषधं कामाची आहेत. पण कोणत्या औषधाची माहिती तुमच्यापर्यंत पोचते, हे केवळ गुणावर ठरत नाही.

आणि आता काम. माझ्या मते प्रश्नाचा गाभा इथे आहे.

भावाच्या एका मोठ्या झटक्यानंतर त्याच्या नोकरीच्या ठिकाणाहून एक फॉर्म आला. डॉक्टरांनी भरायचा रकाना होता: 'कोणत्या तारखेपासून पूर्ण क्षमतेने काम करू शकेल?' झोप लागते का, माणसांत बसतो का, पुन्हा हसतो का, यासाठी रकाना नव्हता. डॉक्टर पेन हातात धरून थांबले होते, कारण खरं उत्तर 'अर्धा दिवस, हळूहळू' असं होतं आणि जागा फक्त तारखेपुरती होती. शेवटी त्यांनी एक तारीख लिहिली. ती सगळ्यांसाठीच अंदाजाची होती.

काम करू शकणं म्हणजेच बरं असणं, हे समीकरण फक्त बाजारवाल्या देशांचं नाही. सोव्हिएत संघात अपंगत्वाचा दर्जा वैद्यकीय-श्रम आयोग ठरवायचा आणि मोजमाप उरलेल्या श्रमक्षमतेचं. काम न करणं हा तर १९६१च्या 'परजीवी'विरोधी फर्मानानंतर गुन्हाच ठरला. कवी जोसेफ ब्रॉडस्की यांच्यावर १९६४मध्ये त्याखाली खटला चालला तेव्हा त्यांना तपासणीसाठी मनोरुग्णालयातही ठेवलं होतं. पुढे विरोधकांना 'मंदगती स्किझोफ्रेनिया'चा शिक्का मारून डांबण्याचे प्रकार जगापुढे आले आणि हकालपट्टी होणार असं दिसताच १९८३मध्ये सोव्हिएत मानसोपचारतज्ज्ञांची संघटना जागतिक संघटनेतून बाहेर पडली.

याचं सर्वांत भीषण टोक नाझी जर्मनीत दिसतं. १९३९च्या शरद ऋतूत मनोरुग्णालयांना फॉर्म पाठवले गेले. रुग्ण कोणतं काम करतो आणि किती, हे त्यात नेमकं लिहायचं होतं. त्या उत्तरांवरून ऑगस्ट १९४१पर्यंत सत्तर हजारांवर माणसं विषारी वायूने मारली. नंतर सापडलेल्या त्यांच्याच कागदांत, ही माणसं दहा वर्षं जगली असती तर झालेला ८८ कोटी ५४ लाख राइशमार्कचा खर्च कसा वाचला, याचा अन्नधान्यासकट हिशोब मांडलेला आहे. भावाच्या फॉर्मची मी त्याच्याशी बरोबरी करत नाही. पण माणसाची किंमत त्याच्या कामावरून करायची सवय कुठवर जाऊ शकते, हे ठाऊक असायला हवं.

याच युक्तिवादातून चांगलंही घडलंय. २००६मध्ये अर्थतज्ज्ञ रिचर्ड लेयार्ड यांनी ब्रिटिश सरकारला पटवलं की नैराश्य आणि चिंतेच्या रुग्णांना बोलून करायचे उपचार दिले, तर माणसं कामावर परततील, भत्ते वाचतील आणि खर्च भरून निघेल. २००८पासून इंग्लंडमध्ये अशी मोफत सेवा देशभर सुरू झाली आणि लाखोंना मदत मिळाली. मला त्याचा आनंदच आहे. काळजी एवढीच वाटते की जो कधीच पूर्णवेळ कामावर परतणार नाही, त्याची बाजू या हिशोबात लंगडी पडते. माझा भाऊ त्यातला आहे.

म्हणून मला इटलीतलं त्रिएस्ते महत्त्वाचं वाटतं. फ्रांको बसाल्या १९७१मध्ये तिथल्या मनोरुग्णालयाचे प्रमुख झाले. रुग्णालयाची झाडलोट, धुणं, स्वयंपाकघरातलं काम रुग्णच करत. त्याला 'श्रमोपचार' म्हणत आणि मोबदला जवळपास शून्य. बसाल्या आणि सहकाऱ्यांनी त्याच रुग्णांची सहकारी संस्था काढली, रुग्णालयाने तिच्याशी रीतसर करार केला आणि त्याच झाडलोटीचा पगार मिळू लागला. काम तेच, हात तेच. पण पगार घेणारा माणूस खोली भाड्याने घेऊ शकतो, नको ते काम सोडू शकतो. १९७८मध्ये १८० क्रमांकाच्या कायद्याने इटलीतली मनोरुग्णालयं बंद करायचं ठरलं. त्रिएस्तेत त्यांच्या जागी चोवीस तास उघडी वस्तीतली केंद्रं आली. १९९१च्या कायद्यानुसार अशा सहकारी संस्थांत किमान ३० टक्के कामगार वंचित गटातले असावे लागतात. इटलीत सगळीकडे त्रिएस्तेसारखं झालं नाही, कित्येक भागांत सगळा भार घरच्यांवर पडला. तरी करता येतं, हे तिथे दिसलं.

अमेरिकेतही १९७३मध्ये न्यायालयाने सांगितलं होतं की रुग्णांकडून काम करून घेता तर किमान वेतन द्या. अनेक रुग्णालयांनी वेतन देण्याऐवजी कामच बंद केलं.

जागतिक आरोग्य संघटनेने १९६०च्या दशकाच्या अखेरीस नऊ देशांत स्किझोफ्रेनियाचा अभ्यास सुरू केला. त्यात नायजेरियातलं इबादान आणि आपलं आग्रा इथले रुग्ण श्रीमंत देशांतल्या रुग्णांपेक्षा बरे निघाले. त्यावर आजही वाद आहे. पण घरच्या शेतात किंवा धंद्यात झेपेल तेवढं काम करायला जागा असते, हे त्यामागचं एक कारण असू शकतं, असं मला वाटतं.

तेव्हा तुमच्या प्रश्नावर माझं मत असं, की भांडवलशाही की साम्यवाद यापेक्षा अर्धवट बऱ्या माणसाचं तिथे काय होतं, हे बघा. माझा भाऊ आठवड्याचे तीन दिवस उत्तम काम करतो. पण ठरावीक रकमेच्या वर कमाई गेली की त्याचा अपंगत्वाचा भत्ता एकदम बंद होतो आणि पुन्हा आजारी पडला तर तो परत मिळवायला महिने जातात. म्हणून तो दोनच दिवस काम करतो. कमाई वाढेल तसा भत्ता हळूहळू कमी करायचा आणि आजार उलटला तर नव्याने अर्ज न करता पुन्हा सुरू करायचा, एवढा बदल झाला तर उद्यापासून तिसऱ्या दिवशीही कामावर जायची त्याची तयारी आहे.