घडी सासूबाईंनी घालावी

प्रश्न : आम्ही बेळगावच्या वडगावात राहतो. माझ्या ७४ वर्षांच्या सासूबाईंचे मांडे (मातीच्या उपड्या खापरावर भाजायच्या मोठ्या, पातळ गोड पोळ्या) साऱ्या भावकीत नावाजलेले आहेत, पण खांदे दुखत असल्याने आता त्यांच्याने होत नाही. मला शिकवा म्हटले, तर ‘अंदाजाने घ्यायचे’ एवढेच सांगतात आणि माझे चुकले की हातातून काढून घेतात. १५ वर्षांची मुलगी आणि १२ वर्षांचा मुलगा आपापले ताट घेऊन खोलीत जातात. ही रीत माझ्याच पिढीत संपणार का?
– एक वाचक भगिनी

उत्तर : ताई, ‘अंदाजाने’ या शब्दाचा राग मानू नका. ज्यांनी आयुष्यभर मूठ आणि चिमूट यांवर घर जेवू घातले, त्यांचे ज्ञान बोटांत असते, आणि ते विचारून नव्हे, तर शेजारी बसूनच मिळते. त्यांनी मुठीने घेतलेले पीठ परातीत पडण्याआधी तुम्हीच वजन करून ठेवा आणि मळून झाल्यावर गोळा त्यांच्यापुढे धरून ‘दाबून बघा, जमले का?’ एवढेच विचारा. मांड्याचे सारे मर्म त्या मळण्यात आहे. पीठ कमी तिंबले, तर हातावर पसरताना ते फाटते. खापरावरून उतरल्यावर घडी घालायला थोडा उशीर झाला, तरी मांडा कडक होऊन मोडतो. तुमचे पहिले चार-पाच मोडणारच. तो चुरा दुधात घालून मुलांना द्यायचा आहे, हे सासूबाईंशी आधीच ठरवून ठेवा, म्हणजे त्यांचा जीव वरखाली होणार नाही.

मुलांना मात्र एकदम मांड्यांकडे नेऊ नका. भोगीच्या भाजीपासून सुरुवात करा. पावटे आणि हरभरे सोलणे, तीळ निवडणे ही कामे इतकी रेंगाळणारी असतात की ती करताना आजी आपोआप बोलू लागते, आणि तिच्या माहेरच्या गोष्टी नातवंडांना याच वेळी ऐकायला मिळतात. हे काम मुलीइतकेच मुलालाही द्या, याबाबत माझे मत ठाम आहे. तुमच्या पत्रात यजमानांचा उल्लेख नाही. त्यांनीही त्या परातीपाशी बसावे.

दुसऱ्या दिवशी, संक्रांतीला, शेजारच्या कन्नड घरी तिळगुळाची वाटी मुलाच्या हाती पाठवा. आपण ‘तिळगूळ घ्या, गोड बोला’ म्हणतो; त्यांच्याकडेही एळ्ळु-बेल्ल, म्हणजे तीळ-गूळच, खाऊन चांगले बोला, असेच म्हणतात. १९५६च्या राज्य पुनर्रचनेपासून आपल्या भागात भाषेवरून मने पुष्कळ दुखावली आहेत, पण शेजाऱ्याची वाटी रिकामी परत करायची नाही, हा संकेत दोन्ही घरांत सारखाच पाळला जातो. मुलांनी तो स्वतः जाऊन-येऊन शिकावा, असे मला मनापासून वाटते.

रोज सर्वांनी एकत्र जेवण्याचा हट्ट आताच धरू नका. रविवारचे दुपारचे एक जेवण ठरवा आणि त्या पंगतीत सासूबाई व तुम्ही दोघी पहिल्यापासून बसा. वाढायला मुले उठतील. वाढणाऱ्या बाईने सर्वांत शेवटी, उरलेले जेवायचे, ही रीत मात्र संपलेलीच बरी.

मांड्यांच्या दिवशी पीठ तिंबण्याचे आणि पसरण्याचे जड काम तुम्ही घ्या, पण घडी सासूबाईंनाच घालू द्या. त्याला खांद्याचे बळ लागत नाही, आणि मांडा खापरावरून नेमका कधी उचलायचा, हे त्यांच्याइतके घरात अजून कोणालाच कळत नाही.