भातखाचरात मासे सोडण्यापूर्वी फवारणीचा विचार करा

तुम्ही यंदा प्रथमच भातखाचरात मासे सोडणार आहात, म्हणून माशांच्या बियाण्याआधी (पिलांआधी) पिकावरील कीटकनाशक औषधांविषयी लिहितो. फवारलेले औषध पानावरच राहत नाही. काही थेंब थेट पाण्यात पडतात, काही पावसाने धुऊन उतरतात, आणि दाणेदार औषध तर पाण्यातच टाकले जाते. सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन यांसारखी औषधे गाळाला चिकटून बसतात, तरीही माशांसाठी ती अत्यल्प मात्रेतही घातक असतात, त्यामुळे माणसाला तुलनेने सौम्य वाटणारे औषध माशालाही सौम्यच असेल, असे कधीही समजू नका. इमिडाक्लोप्रिडचा फसवेपणा वेगळाच: मासा लगेच मरत नाही, पण तो ज्या पाणकिड्यांवर जगतो ते आधी संपतात.

फवारणी अटळच असेल, तर पाणी हळूहळू उतरवून मासे खाचरात खणलेल्या खोल चरात येऊ द्यावेत, चराचे तोंड मातीने घट्ट बंद करावे, वारा पडलेला असताना फवारावे आणि लेबलावरील मुदत उलटेपर्यंत फवारलेल्या खाचराचे पाणी चरात मिसळू देऊ नये. माझे मासे एकदा माझ्या फवारणीने नव्हे, तर बांधातील खेकड्याच्या बिळातून शेजारच्या खाचराचे पाणी झिरपल्याने मेले. तेव्हापासून मी बांध हाताने चाचपतो. पहाटे मासे पृष्ठभागावर तोंड उघडून असले, तर बहुधा प्राणवायू कमी पडलेला असतो. मात्र ते थरथरत, गोल फिरत असतील, तर औषधाचा संशय घ्यावा आणि स्वच्छ पाणी त्वरित सोडावे.