माळेचे मधले दिवे बंद आणि ग्रीलला झिणझिण्या, घरीच दुरुस्त करू का?

ताई, तुमचा प्रश्न असा आहे की गॅलरीच्या ग्रीलला बांधलेल्या दिवाळीच्या माळेचे मधले वीस-पंचवीस दिवे लागत नाहीत, बाकीचे लागतात, तर बटन बंद करून खराब दिवा बदलला तर चालेल का. आणि अगदी शेवटी सहज लिहिल्यासारखं लिहिलंय की ओला हात ग्रीलला लागला की झिणझिण्या येतात. मी त्या शेवटच्या ओळीपासूनच सुरू करतो. आधी उठा, माळेचा प्लग बोर्डातून बाहेर काढा, नुसतं बटन बंद करू नका, प्लग उपसा, घरातल्या सगळ्यांना सांगा की ग्रीलला हात लावायचा नाही, आणि मग पुढचं वाचा.

बटन काहून पुरत नाही ते सांगतो. बटन फेजवर, म्हणजे करंट आणणाऱ्या वायरवर असायला पाहिजे, पण जुन्या घरांमधे कितीदा तरी ते न्यूट्रलवर, म्हणजे परतीच्या वायरवर घातलेलं सापडते, मग बटन बंद केलं की दिवे विझतात पण माळेत फेज तसाच बसून असतो. त्यात माळेला टू-पिन, कशीही उलटी-सुलटी बसते, म्हणून कोणती वायर फेज आहे हे नुसतं पाहून सांगताच येत नाही.

मी मानेवाड्याला राहतो, आयटीआय झाल्यावर एका मंडप-डेकोरेशनवाल्याकडे लायटिंगवर होतो, गणपती, दसरा, दिवाळी, मग लग्नं, मग १४ एप्रिल, असं वर्षभर माळाच माळा, आता घरांच्या वायरिंगची कामं करून राहिलो. आपल्या नागपुरात कुलरचा करंट म्हटलं की लहान पोराला पण समजते, दर उन्हाळ्यात विदर्भात कुठेतरी कोणी कुलरला चिकटून गेल्याची बातमी येतेच, म्हणून आपण पाणी टाकताना प्लग काढतो. माळेच्या बाबतीत मात्र तेच लोक एकदम निर्धास्त असतात, एवढीशी बारीक वायर, एवढुसा दिवा, काय होते म्हणून. पण कुलरमधे येतो तोच २३० व्होल्ट या माळेत येतो हो. आणि ग्रील लोखंडी, फरशी ओली, पाय उघडे.

माझ्या सासरी झालं होतं हे. पाऊस पडून गेला होता, बायको गॅलरीत कपडे वाळत घालायला गेली आणि एकदम ओरडली, हात मागे झटकला गेला म्हणून बरं झालं, नाहीतर मुठीत ग्रील असता तर सुटला नसता, करंटने मूठ आवळली जाते. मी मेन बंद करून पाहिलं तर माळेची वायर स्लायडिंग खिडकीच्या फटीतून आत घेतली होती आणि रोज खिडकी लावून लावून तिथे वायर चेपून चेपून कव्हर फाटलं होतं, आत तांब्याची केसासारखी एक तार, हिरवट काळी पडलेली, बरोबर खिडकीच्या अल्युमिनियमला टेकलेली. खिडकीची चौकट ग्रीलला जोडलेली. एवढीच जागा, तांदळाच्या दाण्याएवढी. माळ छान लागलेली होती, एकही दिवा बंद नव्हता, म्हणून कोणाच्या मनातच आलं नाही.

आता तुमचे मधलेच दिवे का बंद, तर या माळेतले एलईडी एकामागे एक सिरीजमधे असतात. एका एलईडीला रंगाप्रमाणे साधारण २ ते ३ व्होल्ट लागतात, म्हणून असे बरेच एका रांगेत जोडून २३० वर चालवतात, आणि एका माळेत अशा दोन-चार रांगा असतात. रांगेतला एक दिवा गेला किंवा एका दिव्याचा पाय तुटला की ती पूर्ण रांग विझते, दुसरी चालू राहते. म्हणजे तुमचे पंचवीस दिवे खराब नाहीत, बहुतेक एकच जागा खराब आहे.

पण इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, विझलेल्या रांगेत करंट वाहत नसतो पण व्होल्टेज असते. जिथे तुटलं तिथे एका टोकाला फेज आणि दुसऱ्या टोकाला न्यूट्रल उभा असतो. प्लग लावलेला असताना ती दोन टोकं तुम्ही बोटांनी जुळवायला गेलात तर रांग तुमच्या हातातून पूर्ण होते. दिवे बंद आहेत तर करंट नसेल, हा विचार सगळ्यात वाईट.

तर काम असं करा. प्लग काढल्यावर पाच मिनिटं थांबा आणि प्लगच्या पितळी पिनांना हात लावू नका, काही माळांच्या डब्बीत (प्लगजवळ वायरवर असते ती छोटी पेटी) कपॅसिटर असतो तो थोडा वेळ चार्ज धरून ठेवतो. मग माळ ग्रीलवरून पूर्ण सोडा, ओढू नका, आणि दिवसा उजेडी कोरड्या टेबलावर पसरा. ग्रीलवर लटकलेली माळ जागेवर दुरुस्त करायला जाऊ नका. आता पूर्ण वायर दोन बोटांतून हळूहळू सरकवा, डोळ्यांनी नाही दिसत ते बोटांना लागते, चिरलेलं कव्हर, उंदराने कुरतडलेलं, पणतीच्या आचेने वितळून कडक झालेलं (कठड्यावर पणत्या आणि तिथेच माळ, हे तर प्रत्येक घरात). सापडेल तिथे रंगीत दोरा बांधा. झिणझिण्यांचं कारण यातच निघेल असं मला वाटते. आपल्याकडे मे महिन्यात ४५ च्या वर पारा जातो आणि माळ लोक वर्षभर गच्चीत बांधूनच ठेवतात नाहीतर माळ्यावर पत्र्याखाली टाकतात, प्लास्टिक पापडासारखं होऊन जाते. वायर वाकवल्यावर दोन-तीन जागी तडे जात असतील तर दुरुस्ती विसरा, ती माळ गेली. कापून फेका, म्हणजे दुसरं कोणी उचलून लावणार नाही.

वायर चांगली असेल तर मग बंद रांगेकडे या. पहिला आणि शेवटचा दिवा आधी पहा, आणि जिथे गाठ मारून बांधलं होतं तिथले, कारण ताण तिथेच येतो. प्रत्येक दिव्यापाशी वायर हलकीशी ओढा, दहातल्या आठ वेळा गंजलेला पाय सरळ हातातच येतो. नाही आला तर प्लास्टिकची टोपी काढून एलईडी तपासायचा, त्याला मल्टिमीटर पण नको, कारच्या रिमोटमधे असतो तो सीआर २०३२ सेल घ्या, ३ व्होल्टचा, त्याच्या दोन बाजूंना टेपने दोन वायरचे तुकडे चिकटवा आणि टोकं दिव्याच्या दोन पायांना लावा, नाही लागला तर टोकं उलटी करून पहा, तरी नाही तर तो एलईडी मेला. सेल काम झालं की लगेच उचलून ठेवा, लहान लेकरू असेल तर फारच सांभाळा, गिळला तर अन्ननलिका जाळतो तो.

नवीन एलईडी त्याच रंगाचा घाला, जुन्या फेकायच्या माळेतून काढला तरी चालते. दिशा तीच पाहिजे, लांब पाय प्लस असतो, पण जुन्याचे पाय कापलेले असतात म्हणून काढण्याआधी कोणती वायर कोणत्या बाजूला ते मोबाईलवर फोटो काढून ठेवा. पिळून टेप मारू नका. पिळलेला जोड ढिला होतो, तिथे ठिणगी पडते, आणि टेपचा गोंद आपल्या उन्हात एका वर्षात सुटतो. २५ वॅटच्या सोल्डरने नीट डाग द्या, आणि स्लीव्ह, म्हणजे जोड झाकायची बारीक प्लास्टिकची नळी, सोल्डर करायच्या आधी वायरमधे ओवा, मागून जात नाही, आणि दोन पायांना दोन वेगळ्या स्लीव्ह, नाहीतर आत पाय एकमेकाला लागतात. सोल्डर येत नसेल तर टीव्ही-मिक्सर दुरुस्तीवाला पाच मिनिटांत करून देतो.

काही लोक मेलेला दिवा काढून दोन वायरी सरळ जोडून टाकतात. एकदा चालूनही जाते ते. पण दर वर्षी एक-एक असं करत गेलं की उरलेल्या दिव्यांवर जोर वाढतो, ते जास्त गरम होऊन मरतात, आणि डब्बी पण तापते. मी घरच्या माळेत हे करत नाही आणि तुम्हालाही करा म्हणणार नाही. डब्बीचं प्लास्टिक पिवळं-तपकिरी पडलं असेल किंवा जळका वास येत असेल तर डब्बी उघडूच नका, माळच बदला, नवीन घेताना खोक्यावर बीआयएसचं चिन्ह पहा. शंभर-दीडशे रुपयांच्या माळेसाठी गॅलरीत लेकरांना करंट ठेवू नका.

लावून पाहताना टेबलावरच ठेवून प्लग लावा, हातात धरून नाही. पुन्हा बांधताना लोखंडी खिळा, तार नको, प्लास्टिकचे टाय घ्या, खिडकीच्या फटीतून वायर नको, आणि जोड असेल तिथे वायरला खाली झोळ द्या म्हणजे पाणी जोडावर न येता खालून गळून जाते.

अजून एक, तुमच्या घरी आरसीसीबी आहे का पहा, करंट गळला की लगेच लाईन तोडते ती, मीटरजवळच्या डब्यात टी लिहिलेलं छोटं बटन असते ती. नुसत्या एमसीबीच्या (जास्त लोड आला की आपोआप पडणारा स्विच) भरवशावर राहू नका, ६ अँपिअरची एमसीबी ६ च्या बऱ्यापैकी वर गेल्यावर पडते आणि माणसाचा जीव घ्यायला ०.०३ अँपिअरच्या आसपास पुरतो, एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवून घ्या, माळेपेक्षा महाग आहे पण कुलरसाठी पण तीच कामी येते.

आणि हे महत्त्वाचं, माळ पूर्ण काढल्यावर ग्रील हाताने तपासू नका, वायरमनला बोलवून टेस्टर आणि मीटर लावून पाहायला सांगा. तरीही ग्रीलवर करंट दाखवत असेल तर दोष माळेचा नाही, ग्रीलला टेकून कुलरचा स्टँड आहे का, त्याची वायर कुठे घासते का, भिंतीत ओल आहे का ते बघावं लागेल, आणि तोपर्यंत गॅलरीचं दार बंदच ठेवा. काय निघालं ते इथेच खाली लिहा, डब्बीचा आणि प्लगचा फोटो टाकला तर अजून नीट सांगता येईल.