वारीतली मैत्रीण घरी गेल्यावर ‘मॅडम’ का म्हणाली?

लातूरच्या एका वाचक भगिनीचं पत्र आलंय. वय 41, पतसंस्थेत नोकरी. नाव छापू नका असं तिनं बजावलंय. पत्र चांगलं सहा पानी आहे, त्यातलं मुख्य तेवढं देते.

‘मावशी, यंदा पहिल्यांदाच पैठणहून नाथांच्या पालखीबरोबर पंढरपूरला चालत गेले. सोबत भावजय होती, तिला तिसऱ्या दिवशी ताप भरला आणि ती माघारी फिरली. मी एकटी पडले, तेव्हा परतूरकडच्या एका ताईंनी मला धरलं. पंचावन्नच्या असतील, घरी कापसाची शेती. त्यांच्या ताडपत्रीवर झोपले, त्यांच्या तांब्यानं पाणी प्याले. लग्नानंतरच्या वीस वर्षांत हसले नसेन इतकी त्या पंधरवड्यात हसले. परत आल्यावर फोन केले तर उचलत नाहीत. शेवटी श्रावणात साडी आणि पेढे घेऊन न सांगता त्यांच्या घरी गेले. तर त्यांनी मला ‘मॅडम’ म्हटलं! प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसवलं, नातवाला कोल्ड्रिंक आणायला पिटाळलं आणि स्वतः दाराशी उभ्या राहिल्या. तासाभरात निघाले. एसटीत रडू आवरेना. हे म्हणतात, वारीतली ओळख वारीतच सोडायची असते. मग ते सगळं खोटं होतं का? त्यांचा तांब्या चुकून माझ्या पिशवीत आलाय. तो कुरियरनं पाठवून विषय मिटवू का?’

कुरियर करू नकोस. एवढं आधी सांगते, बाकीचं सावकाश बोलू.

तुझ्या पत्रातला खर्डा गावचा प्रसंग मी घरात दोनदा मोठ्यानं वाचून दाखवला. गर्दीत तुझी दिंडी चुकली, तू भलत्याच दिंडीच्या पंगतीत जाऊन बसलीस. कुणी विचारलं नाही कुठल्या गावची म्हणून. पुढ्यात पत्रावळ आली, पिठलं-भाकरी आली. जेवून उठलीस आणि आमटीची बादली हातात घेऊन दोन ओळी वाढूनही आलीस. तिकडे परतूरच्या ताई लाऊडस्पीकरवाल्या पोराशी भांडत होत्या. तो नाव विचारत होता आणि त्यांना नाव सांगता येईना. मग त्यानं पुकारलं, ‘लातूरच्या हळू चालणाऱ्या बाई, खांद्याला निळी पिशवी, जिथं असतील तिथून पाण्याच्या टँकरपाशी यावं.’ तू पोचलीस तेव्हा लातूरच्याच आणखी दोन हळू चालणाऱ्या बाया तिथं येऊन उभ्या होत्या!

हसून झाल्यावर मी तो मजकूर पुन्हा वाचला. इतक्या रात्री एका ताडपत्रीवर काढून तिला तुझं नाव माहीत नव्हतं. आणि तू सापडेपर्यंत ती बाई पंगतीला बसली नव्हती, असं तूच लिहिलंयस. खोटं होतं का विचारतेस, तर हे वाच. ज्या बाईला तुझं नाव ठाऊक नाही, घर ठाऊक नाही, पतसंस्थेत असतेस हे ठाऊक नाही, ती तुझ्यासाठी उपाशी राहिली. तिला तुझ्याकडून काय मिळणार होतं?

आता श्रावणाकडे येऊ. तू गेलीस ते दिवस खुरपणीचे. पेरणी उरकून वारीला निघालेली बाई द्वादशी करून परतते ती थेट तणात उतरते. पंढरपुरात काढलेले दिवस तिला शेतात भरून द्यावे लागतात, आणि घरात कुणीतरी ते मोजतही असतं. फोनचं म्हणशील, तर तिनं दिलेला नंबर पोराचा असणार. तो दिवसभर बाहेर, ती दिवसभर रानात. अनोळखी नंबर पाहून त्यानं उचलला नाही, यात तुझा अपमान काही नाही.

पण खरं सांगू का? मला त्या साडीचं जास्त वाटतं.

तू माझ्या धाकट्या बहिणीसारखी, म्हणून स्पष्ट बोलते. वारीत तू तिच्याकडून घेत होतीस. ताडपत्री तिची, पाणी तिचं, पायाला फोड आले तेव्हा खोबरेल तिचं. तिच्या तोंडून ‘अगं माउली, आन् तो पाय इकडं’ निघत होतं ते त्या घेण्या-देण्यातून. घरी मात्र तू पाहुणी होऊन आलीस, हातात साडीचा बॉक्स, आणि तोही न सांगता. सवाष्ण दारी आली, साडी घेऊन आली, आता तिची ओटी भरायची तर घरात खण आहे का, नारळ आहे का? दाराशी उभी होती तेव्हा तिच्या मनात हाच हिशोब चालला असेल. सून बघतेय, शेजारीण डोकावतेय. अशा वेळी ‘माउली’ तोंडातून निघत नाही गं, ‘मॅडम’च निघतं. कोल्ड्रिंक हा तिनं तुझा केलेला मान होता.

हे मी माझ्या चुकीतून शिकले आहे. मी कोजागिरीला तुळजापूरला चालत जायचे. पौर्णिमेच्या आदल्या रात्री ते रस्ते कसे माणसांनी भरून वाहतात, तुला माहीतच आहे. त्या वाटेवर उमरग्याच्या एका बाईशी माझी गट्टी जमली. तीन वर्षं बरोबर चाललो. मी हौसेनं तिला मुलीच्या लग्नाला बोलावलं, पुढच्या रांगेत बसवलं, फोटोत उभं केलं. ती धड जेवली नाही आणि अक्षता पडल्या तशी मिळेल त्या गाडीनं निघून गेली. मीही तुझ्यासारखीच महिनाभर कुढले. पुढच्या कोजागिरीला चालता चालता तीच म्हणाली, ‘तुम्ही मला बसवून ठेवलं. पुऱ्या लाटायला बसवलं असतं तर मी चार दिस राहिले असते.’

पैठणला नाथांच्या वाड्यातला तो रांजण पाहिलास ना? श्रीखंड्याची कथा आपण लहानपणापासून ऐकतो, पण ती नीट ऐकायला मला पन्नाशी उजाडावी लागली. प्रत्यक्ष पांडुरंग बारा वर्षं नाथांच्या घरी राहिला, तो कावडीनं पाणी भरत राहिला. पाहुणा म्हणून पाटावर बसला असता तर किती दिवस राहता आलं असतं त्याला?

म्हणून तू आता दसरा-दिवाळी होऊ दे. कापसाची वेचणी जोरात असेल आणि माणसं मिळत नसतील. पोराच्याच फोनवर निरोप ठेव, रात्री आठनंतर कर म्हणजे ती घरी सापडेल. म्हण, ‘ताई, दोन दिवस वेचायला येते, मला शिकवा.’ परभणीहून रेल्वेनं परतूर सोपं पडेल. जुनी साडी नेस, कमरेला ओटी बांध आणि तिच्या शेजारची सरी धर. तुझा कापूस कमीच भरणार, बोंडांची टोकं बोटांना लागणार, आणि ती तुला हसणार. लातूरची हळू वेचणारी बाई म्हणेल. तिला म्हणू दे.

आणि वेचणीला जमलंच नाही तर रंगपंचमीच्या दुसऱ्या दिवशी पैठण गाठ. 1599 साली फाल्गुन वद्य षष्ठीलाच नाथांनी देह ठेवला. त्या षष्ठीला आषाढीतल्या कितीतरी दिंड्या पुन्हा पैठणला येतात. तुमच्या दिंडीचा विणेकरी सापडला की परतूरच्या ताईंचा पत्ता लागेल. तोच ना गं, तुझ्या मोबाइलमधला कोंबडा रात्री दोनला आरवला तेव्हा काकडा सुरू करून बसलेला?

तुझ्या यजमानांना माझा नमस्कार सांग. त्यांचं अगदीच चूक नाही, कित्येक ओळखी चंद्रभागेच्या वाळवंटातच संपतात आणि त्यात वाईटही काही नाही. ज्यांच्याबरोबर तू फुगडी घातलीस त्या सगळ्यांची घरं शोधत फिरायची नाहीत. पण जिच्यासाठी एसटीत रडू येतं तिला मोजक्यांत धरावं लागतं.

राहिला तांब्या. त्याच्यावर तिच्या सासऱ्यांचं नाव घातलंय म्हणतेस, म्हणजे घरात त्याची शोधाशोध झाली असणार. चिंच लावून लख्ख घास. दुसऱ्याचं भांडं आपण रिकामं परत करत नाही, हे तुला मी सांगायला नको. तू नेलेली शेंगदाण्याची चटणी तिनं चहाबरोबरसुद्धा खाल्ली, असं तिसऱ्या पानावर लिहिलंयस. तीच कुट, लसूण जरा जास्त घाल, तांब्यात काठोकाठ दाबून भर आणि तोंडाला फडकं बांधून मांडीवर घेऊन जा.

या खेपेला साडी नको.

— तुझी मावशी